चाकात हवा भरणारा पशुवैद्य

जुनी मोटरसायकल घ्यायला गेलेला माणूस आधी इंजिनाचा आवाज ऐकतो, मग सायलेन्सरचा धूर पाहतो, मग मीटरवरचे किलोमीटर वाचून त्यावर किती विश्वास ठेवायचा हे मनाशी ठरवतो. टायरकडे तो सगळ्यात शेवटी वळतो. अंगठ्याने दाबून पाहतो, हवा आहे ना, मग झाले! व्यवहार पुरा होतो, कागद ताब्यात येतात आणि पहिल्याच आठवड्यात कुठेतरी आडरस्त्याला मागचे चाक डुगडुगू लागते. गाडी ढकलत दुकान गाठायचे, ट्यूब बाहेर काढायची, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहायचे. दुकानदार सांगतो की या ट्यूबला आधीचीच चार ठिगळे आहेत.

घमेल्यातल्या त्या बुडबुड्यांची गोष्ट सुरू होते एका पशुवैद्यापासून. त्यांचे नाव जॉन बॉइड डनलॉप. हे नाव जगभरच्या टायरांवर छापले गेले, गाद्यांना लागले, पण त्या नावाचा माणूस मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. घोड्यांच्या दुखण्यांवर उपचार करण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवलेल्या या माणसाने चाकात हवा भरली ती उद्योग उभारण्यासाठी नव्हे, तर आपल्या लहान मुलाला धक्के बसू नयेत म्हणून.

नाजूक प्रकृतीचा मुलगा

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधील ड्रेगहॉर्न या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. दिवस भरण्याआधीच जन्म झाल्यामुळे आपली प्रकृती नाजूक राहिली, अशी त्यांची समजूत होती आणि ती त्यांनी आयुष्यभर जपली. शेतावरच्या अंगमेहनतीच्या कामापेक्षा त्यांना शिक्षणाकडे वळवले गेले. एडिंबरा येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि वयाच्या विशीच्या आतच ते पशुवैद्य झाले.

काही वर्षे स्कॉटलंडमध्ये काम केल्यावर १८६७ मध्ये ते समुद्र ओलांडून आयर्लंडला गेले. डाउनपॅट्रिक या गावात भाऊ जेम्स याच्या सोबतीने त्यांनी दवाखाना चालवला. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा झाला. पुढे हे कुटुंब बेलफास्टला आले. तेथील मे स्ट्रीटवरचा डनलॉप यांचा दवाखाना १८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आयर्लंडमधील मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांपैकी एक झाला होता.

त्या काळातील मोठे शहर म्हणजे घोड्यांचे शहर. माल घोड्यांवर, प्रवासी घोड्यांवर, ट्रामही घोड्यांवर. पशुवैद्याकडे येणाऱ्या जनावरांचे दुखणे बहुतेक वेळा पायांत असे. दगडी फरसबंदीवर लोखंडी नाल आपटत दिवसभर ओझे ओढणाऱ्या घोड्याचे सांधे आणि खूर किती सोसतात, हे डनलॉप यांच्याइतके जवळून पाहणारे थोडेच असतील. रस्ता, चाक आणि जिवंत शरीर यांचा संबंध हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता.

रबराशीही त्यांची ओळख होती. कामात लागणारी काही साधने ते स्वतः रबरापासून तयार करत. पातळ रबरी पत्रा कापायचा, रबराच्या द्रावणाने त्याच्या कडा जोडायच्या आणि जोड हवाबंद करायचा, हे कौशल्य त्यांच्या हातात होते. या ओळखीचा पुढे उपयोग झाला.

तीनचाकी आणि दगडी रस्ते

मुलाचे नाव वडिलांचेच, जॉन. घरात त्याला जॉनी म्हणत. १८८७ मध्ये तो नऊ-दहा वर्षांचा होता आणि त्याच्याकडे तीन चाकांची सायकल होती. सायकल चालवणे मुलाच्या प्रकृतीला चांगले, असा सल्ला कुटुंबाच्या परिचयातल्या डॉक्टरांनी दिला होता, असे सांगितले जाते. मुलगा मित्रांबरोबर शर्यती लावी, पण सायकलच्या चाकांवर टणक, भरीव रबराची पट्टी होती आणि खाली बेलफास्टचे दगडी रस्ते होते. प्रत्येक दगडाचा धक्का चाकातून दांड्यात, दांड्यातून बैठकीत आणि बैठकीतून मुलाच्या पाठीत जात असे.

सायकलींच्या दुनियेतही तेव्हा बदल होत होता. त्याआधी समोर भलेमोठे आणि मागे चिमुकले चाक असलेल्या उंच सायकली चालत. मोठे चाक लहान खड्डे सहज ओलांडते. लहान चाक त्याच खड्ड्यात आपटते. १८८५ च्या सुमारास साखळीवर चालणाऱ्या, दोन्ही चाके सारखी असलेल्या सायकली बाजारात आल्या. त्या पडण्याच्या दृष्टीने सुरक्षित होत्या, पण चाके लहान झाल्यामुळे धक्के वाढले. म्हणजे सुरक्षित सायकल आली आणि तिच्याबरोबर हादऱ्यांचा प्रश्नही आला.

या हादऱ्यांचे शरीरावर काय होते, ते आज मोजता येते. बसलेल्या माणसाचा पाठीचा कणा आणि पोटातले अवयव साधारणपणे सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या कंपनांना सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. या वेगाने धक्के बसले की शरीर ते शोषून घेण्याऐवजी वाढवते. कंबरदुखी, मणक्यांवरचा ताण, थकवा ही त्याची फळे. हातात सतत कंपने जात राहिली तर बोटांना मुंग्या येतात आणि पकड सैल होते. डनलॉप यांच्याकडे हे आकडे नव्हते. समोर एक मूल होते आणि त्याची तक्रार होती.

अंगणातला प्रयोग

ऑक्टोबर १८८७ मध्ये डनलॉप यांनी घराच्या अंगणातच प्रयोग केला. त्यांनी लाकडाची एक गोल चकती घेतली. पातळ रबरी पत्र्याची नळी तयार करून ती चकतीच्या कडेभोवती बसवली आणि वरून कापडाची पट्टी ताणून खिळ्यांनी ठोकली. मग फुटबॉल फुगवण्याच्या पंपाने नळीत हवा भरली. बेलफास्ट हे लिननच्या कापडाचे शहर. मजबूत कापड तिथे घरोघरी असे.

एका हातात हवेची ही चकती आणि दुसऱ्या हातात मुलाच्या सायकलचे चाक घेऊन त्यांनी दोन्ही अंगणातून घरंगळत सोडली. सायकलचे चाक थोडे अंतर गेले, डगमगले आणि आडवे झाले. हवेची चकती मात्र अंगण ओलांडून गेली, फाटकाच्या खांबाला आपटली आणि उसळून मागे आली.

प्रयोग इतका साधा होता, पण त्याचे उत्तर अनपेक्षित होते. डनलॉप मऊ चाक शोधत होते. मऊ वस्तू रस्त्याला चिकटून राहील आणि ओढायला जड जाईल, असे कोणालाही वाटले असते. ओल्या वाळूत चालणे जड जाते, तसे. झाले उलटेच. मऊ चाक अधिक दूर गेले, म्हणजे आरामाबरोबर वेगही हाती आला.

त्यांनी मग तीनचाकीच्या मागच्या दोन्ही चाकांना हवेचे टायर बसवले. १८८८ च्या सुरुवातीला, हिवाळ्यातल्या एका चांदण्या रात्री, जॉनी ती सायकल घेऊन बाहेर पडला. नेमके त्याच रात्री चंद्रग्रहण होते. अंधार झाल्यावर तो घरी परतला आणि ग्रहण सुटल्यावर पुन्हा चक्कर मारायला गेला, अशी आठवण त्या पहिल्या फेरीशी जोडलेली आहे. दिवसभराच्या रहदारीत हा विचित्र प्रकार लोकांसमोर नेण्याऐवजी वडिलांनी मुलाला रात्री पाठवले, यातच त्यांचा स्वभाव दिसतो. पुढे मोठ्या सायकलवर चाचण्या झाल्या आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी त्यांना पेटंट मिळाले.

हवा ओझे कसे उचलते

भरीव चाक खड्यावर चढते तेव्हा ते स्वतःबरोबर सगळी सायकल आणि तिच्यावरचा माणूस वर उचलते. खडा ओलांडला की सगळे पुन्हा खाली आपटते. उचलण्यासाठी लागलेली शक्ती पायांतून येते आणि आपटण्यात वाया जाते. हवेचा टायर खड्याला आपल्या पोटात जागा देतो. तेवढाच भाग आत दबतो, बाकीचे चाक आपल्या वाटेने पुढे जाते. वर बसलेल्या माणसाला खडा जाणवतो, पण तो उचलला जात नाही.

या टायरमध्ये वजन पेलते ती मुख्यतः दाबाखाली कोंडलेली हवा. रबर आणि कापड यांचे काम त्या हवेला धरून ठेवण्याचे. साधा हिशेब असा: मोटरसायकलच्या मागच्या चाकावर सव्वाशे किलो भार आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास दाब असेल, तर जमिनीला टेकलेला भाग ढोबळमानाने ५५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहातापेक्षाही लहान भरतो. हवा कमी झाली की हा भाग पसरतो, टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात, रबर तापते, इंधन जास्त जळते आणि गाडी वळणावर ऐकेनाशी होते. अंगठ्याने दाबून हा फरक कळत नाही. त्यासाठी हवेचा काटाच हवा.

शर्यत आणि कंपनी

बेलफास्टच्या सायकल क्लबचा कप्तान विली ह्यूम याने हवेचे टायर लावलेली सायकल विकत घेतली. तिच्यावर शर्यतीत उतरावे, असे डनलॉप यांनी त्याला सुचवले. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर ह्यूम उतरला, तेव्हा त्याच्या सायकलची जाडजूड चाके पाहून प्रेक्षकांनी थट्टा केली. त्याने सायकलच्या चारही शर्यती जिंकल्या. काही दिवसांनी लिव्हरपूलमध्येही एक सोडून सगळ्या शर्यती त्याच्याच झाल्या.

हरलेल्या स्पर्धकांमध्ये डब्लिनचे व्यापारी हार्वे द्यू क्रॉस यांचे मुलगे होते. मुलांच्या पराभवातून वडिलांनी नेमके तेच पाहिले, जे पाहायला हवे होते. त्यांनी डनलॉप यांची गाठ घेतली. १८८९ च्या अखेरीस डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी पेटंटचे हक्क कंपनीला दिले आणि त्या बदल्यात १,५०० शेअर घेतले. व्यवसायाची सूत्रे द्यू क्रॉस यांच्या हाती गेली.

चाळीस वर्षे आधी आलेला माणूस

पेटंट मिळून दोन वर्षे होतात न होतात, तोच डनलॉप यांना धक्कादायक पत्र आले. त्यांचे पेटंट ग्राह्य नव्हते. हवेचे चाक आधीच शोधले गेले होते आणि तेही स्कॉटलंडच्याच माणसाने. स्टोनहेवन गावच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये, पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये आणि १८४७ मध्ये अमेरिकेत हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. तेव्हा त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते आणि डनलॉप पाच वर्षांचे होते.

थॉमसन यांनी रबर लावलेल्या कापडाच्या नळ्या चामड्याच्या वेष्टनात घालून घोडागाडीच्या चाकांना बसवल्या आणि लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्या चालवून दाखवल्या. गाडी आवाज न करता, हलकी चालली. तरीही शोध विसरला गेला. पातळ रबर महाग होते, ते नीट तयार करणे अवघड होते आणि टायर चाकाला असंख्य बोल्टांनी जखडलेला असे. पुढे थॉमसन भरीव रबराच्या टायरांकडे वळले. त्यांची वाफेवर चालणारी रस्त्यावरची इंजिने हिंदुस्थानातही आली आणि १८७० च्या दशकात पंजाबात त्यांच्या चाचण्या झाल्या. डनलॉप यांनी बेलफास्टमध्ये प्रयोग केला, त्याच्या चौदा वर्षे आधी, १८७३ मध्ये थॉमसन वारले होते.

मग एकच कल्पना एकदा विसरली जाते आणि एकदा जग बदलते, असे का? एक उत्तर रबरात आहे. चार दशकांत रबर पक्के करण्याची, म्हणजे गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची विद्या सगळीकडे पसरली होती. दुसरे उत्तर चाक ओढणाऱ्यात आहे. घोडागाडीला धक्के बसले तर त्रास घोड्याला होतो आणि घोडा तक्रार करत नाही. सायकल ओढतो तो माणूस स्वतः. त्याच्या पायांतली शक्ती कुठे वाया जाते, हे त्याला लगेच कळते आणि शर्यतीत ते सगळ्यांना दिसते.

शोधाबरोबर आलेले दुखणे

पेटंट गेले तरी कंपनी तरली, याचे कारण पंक्चर!

डनलॉप यांचा टायर चाकाला कायमचा चिकटवलेला होता. नळी, तिच्यावर कापड, कापडावर रबर आणि हे सगळे द्रावणाने धावेला घट्ट बसवलेले. भरीव टायरला खिळा लागला तर काहीच बिघडत नसे. हवेच्या टायरला एक काटा पुरे होता. मग चिकटवलेले कापड सोलून काढा, छिद्र शोधा, बुजवा, पुन्हा सगळे चिकटवा आणि वाळण्याची वाट पाहा. आराम देणारा शोध वाटेत माणसाला पायी चालायला लावत होता.

फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथे रबराच्या वस्तू बनवणाऱ्या मिशलिन बंधूंच्या कारखान्यात असाच एक सायकलस्वार पंक्चर झालेला टायर घेऊन आला. दुरुस्तीला काही तास लागले, वाळायला रात्र गेली आणि सकाळी थोड्याच अंतरावर टायर पुन्हा बसला. त्या प्रसंगातून धडा घेऊन या भावांनी चटकन काढता-घालता येणारा टायर तयार केला. १८९१ च्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या सुमारे १,२०० किलोमीटरच्या शर्यतीत शार्ल तेराँ याने असे टायर लावून बहात्तर तासांच्या आत पहिला क्रमांक मिळवला.

ब्रिटनमध्ये १८९० मध्ये दोन उपाय पुढे आले. चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी टायरच्या कडांत न ताणणारी तार घातली आणि धावेच्या मध्ये खोलगट खाच ठेवली. टायरची एक बाजू त्या खाचेत ढकलली की दुसरी बाजू सैल होऊन धावेवरून बाहेर येते. विल्यम बार्टलेट यांनी टायरच्या कडा धावेच्या वळलेल्या ओठांत अडकवण्याची रीत काढली. द्यू क्रॉस यांच्या कंपनीने दोघांचेही हक्क विकत घेतले आणि कंपनी टिकली ती या पेटंटांवर. आजचा पंक्चरवाला लिव्हर घालण्यापूर्वी टायर पायाने दाबून धावेच्या मध्यात ढकलतो, ती वेल्च यांचीच युक्ती. ज्याला ही खाच माहीत नसते, तो लिव्हरने जोर लावत बसतो आणि नव्या ट्यूबलाच चिमटा बसवतो.

हवा आत जावी, पण बाहेर येऊ नये, यासाठीही सोपी सोय हवी होती. आपल्याकडच्या साध्या सायकलीत छोट्या रबरी नळीचा जो व्हॉल्व्ह असतो, तो वुड्स नावाच्या संशोधकाने १८९० च्या दशकाच्या आरंभी दिला. जगात काही ठिकाणी तो वुड्सच्या, तर काही ठिकाणी डनलॉपच्या नावाने ओळखला जातो. मोटरसायकलच्या ट्यूबला असतो तो स्प्रिंगचा व्हॉल्व्ह अमेरिकेतील श्रेडर यांचा.

तोवर इंजिनही चाकांवर चढले होते. १८८५ मध्ये जर्मनीत डाइमलर यांनी इंजिन लावलेली जी दुचाकी बनवली, तिची चाके लाकडी होती आणि त्यांवर लोखंडी पट्टी होती. १८९४ मध्ये म्युनिकमध्ये हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी विक्रीसाठी मोटरसायकली बनवायला घेतल्या, तेव्हा त्या हवेच्या टायरवर होत्या. इंजिनाच्या वेगाने दगडी रस्त्यावरून जाणे माणसाच्या हाडांना झेपले, ते चाकातल्या हवेमुळे.

स्वतःच्याच नावाविरुद्ध

डनलॉप १८९५ च्या सुमारास कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी द्यू क्रॉस यांनी हा व्यवसाय तीस लाख पौंडांना विकला आणि घेणाऱ्याने तो पन्नास लाख पौंडांना लोकांच्या गळ्यात घातला. एवढ्या पैशाच्या उलाढालीत मूळ संशोधकाला मोठी संपत्ती मिळाली नाही. ते डब्लिनमध्ये राहत होते आणि तेथील कापडाच्या एका मोठ्या दुकानाच्या कारभारात त्यांचा भाग होता.

त्यांचे नाव मात्र कंपनीबरोबर जगभर गेले. दाढीवाल्या वृद्धाचा चेहरा टायरांच्या जाहिरातींत झळकू लागला. नंतरच्या काही चित्रांत कंपनीने त्यांना उंच टोपी घातलेला, नटवा, छानछोकीचा माणूस म्हणून रंगवले. आयुष्यभर साधेपणाने राहिलेल्या पशुवैद्याला हे सोसले नाही. आपले हसे केले जात आहे, अशी तक्रार घेऊन त्यांनी कोर्टात धाव घेतली आणि ज्या कंपनीवर त्यांचे नाव होते, तिच्याविरुद्धच दावा लावला. खटला आयर्लंडमध्ये चालू शकतो का, हा मुद्दा थेट लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. तेव्हा डनलॉप ऐंशी वर्षांचे होते. पेटंट गेले, कंपनी गेली, पैसा दुसऱ्यांनी कमावला, यासाठी त्यांनी एवढी धडपड केली नव्हती; आपला चेहरा आपल्यासारखा राहावा, यासाठी ती केली.

२३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. तेथील डीन्सग्रेंज दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. टायरच्या शोधाची त्यांनी लिहिलेली हकीकत त्यांच्यानंतर पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांचा सुरुवातीचा टायर एडिंबरा येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे, म्हणजे ते जिथे पशुवैद्यकी शिकले त्याच शहरात.

बैलाच्या खांद्यापर्यंत

भारतात डनलॉप कंपनी १९२६ मध्ये नोंदली गेली आणि १९३६ मध्ये हुगळीकाठी साहागंज येथे तिचा कारखाना सुरू झाला. पुढे फोमच्या गाद्याही डनलॉपच्या म्हणूनच घराघरांत ओळखल्या गेल्या. या सगळ्यांपेक्षा त्या पशुवैद्याला आनंद झाला असता तो टायरची बैलगाडी पाहून. लाकडी चाकाला लोखंडी धाव असलेली गाडी खडकाळ वाटेवर ओढताना प्रत्येक हिसका जुवातून बैलाच्या मानेवर येतो. रबरी टायर आणि बेअरिंग असलेल्या गाडीत तेच ओझे कमी ताकदीत हलते. साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाने लादलेल्या टायरगाड्या दिसतात, त्यांत हे गणित रोज चालते. अर्थात, गाडी हलकी चालते म्हणून ओझे दुप्पट लादले, तर बैलाच्या वाट्याला पुन्हा तेच दुखणे येते.

मोटरसायकलस्वारासाठी या चरित्रातून निघणारा धडा व्यवहाराचा आहे. टायर म्हणजे रबरात कोंडलेली हवा आणि रबर म्हातारे होते. गाडी उभी राहिली तरी ऊन, हवेतला प्राणवायू आणि ओझोन त्याला कडक करत राहतात. म्हणून जुनी गाडी घेताना टायरच्या बाजूवर कोरलेले शेवटचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण टायर फार जुना आणि बाजूला बारीक चिरा, अशी गाडी कमी चाललेली नसून जास्त उभी राहिलेली असते. असा टायर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. चाक उचलून फिरवावे. धाव वेडीवाकडी असेल तर ते लगेच दिसते. ट्यूबचा टायर असेल, तर ट्यूबला किती ठिगळे आहेत ते विचारण्यात संकोच नसावा.

पंक्चर काढून घेताना छिद्र बुजवण्याइतकेच महत्त्वाचे आहे छिद्राचे कारण शोधणे. खिळ्याचे टोक टायरमध्येच राहिले तर नवी ट्यूबही तासाभरात जाते. म्हणून टायरच्या आतून फडके फिरवून पाहावे. छिद्र ट्यूबच्या आतल्या बाजूला असेल, तर स्पोकचे टोक टोचत असण्याची शक्यता जास्त. शेजारी शेजारी दोन चिरा असतील, तर हवा कमी असताना खड्ड्यात आपटून ट्यूब धावेत चिमटली आहे. ठिगळ लावण्यापूर्वी सोल्युशन दोन-चार मिनिटे वाळू द्यावे लागते. घाई केली की ठिगळ उन्हात सुटते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतून बसतो आणि हवा हळूहळू जाते, म्हणून तो दिसताच उपटून काढू नये, आधी दुकान गाठावे. आणि धावत्या गाडीची हवा अचानक गेली, तर ब्रेक दाबण्याचा मोह टाळावा. हँडल सरळ घट्ट धरून ॲक्सिलरेटर सोडावा आणि गाडीला आपोआप मंद होऊ द्यावे. जीव वाचतो तो बहुतेक वेळा या काही सेकंदांत.

आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना, काट्याने हवा मोजण्याला दोन मिनिटे पुरतात. एका वडिलांनी मुलाची पाठ वाचावी म्हणून चाकात हवा भरली होती. ती पुरेशी आहे की नाही, एवढे पाहणे मात्र ज्याच्या त्याच्या हाती आहे.